पिवळी रेघ

"नटांची भोकं जुळतायत ना? मग चढवा की!" गिऱ्हाईक घायकुतीला आलं होतं. चाकं जुनी, दुसऱ्याच मॉडेलची. मधलं भोक जरा मोठं, म्हणजे सगळा भार नटांवर येणार. पण ‘चालतंय’ म्हणत फिटरने अशी कैक चाकं चढवली होती. परकं चाक चढवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पिवळी रेघ ओढायची, ही त्याची खास खूण.

त्याने ब्रश रंगात बुडवला.

"अपघातातल्या गाडीची आहेत," गिऱ्हाईक म्हणालं. "पण हे चाक बघा, साधा ओरखडा नाही!"

"कसं काय?"

"हे आधीच निखळून पळालं. गाडी त्यानंतर उलटली."

फिटरने चाक पालथं केलं. आत पिवळी रेघ होती.