शिडी

शेणखताच्या टाकीत उतरलेले बाबा भोवळ येऊन कोसळले. काका शिडीकडे धावला, तर लेकीने शिडीच वर ओढून घेतली.

"बाप आहे तुझा आत. काळीज आहे की दगड?"

"आत विषारी वायू आहे, काका. उतरेल तो जाईल." अग्निशमन दलाला फोन करून तिने उफणणीचा पंखा टाकीच्या तोंडाशी लावला.

कृषी केंद्राच्या शिबिरात बाबांनी असंच बेशुद्धीचं सोंग वठवलं होतं, आणि ती धावत खाली उतरली होती. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, "दोघंही मेलात. नापास."

जवानांनी बाबांना वर काढलं. शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, "माझ्यामागे कोण उतरलं?"

"कुणीच नाही."



"मग झालीस पास."