भारतातर्फे दोन जावा

"जात्यावर थोरली गाईल, धाकटी नुसतं ओढील," सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच पहाटे बजावलं होतं. येसूनं बावीस वर्षं तोंड मिटून जातं ओढलं.

आता तेच जातं परदेशातल्या झगमगत्या मंचावर होतं. देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेत भारतातर्फे थोरल्या जाऊबाईंची ओवी निवडली होती. टीव्हीवर जग बघत होतं. जाऊबाईंनी सूर लावला,

"धाकटी माझी जाऊ, ऊन आलं डोईवर,
अजून हिची बाई, गोधडी गं अंगावर!"

पडद्यावर भाषांतर उमटलं. सभागृह येसूकडे बघून खदाखदा हसलं. तिनं खुंटा सोडला. जातं थांबलं, तसा जाऊबाईंचा सूरही अडकला.

"ओढ गं बये! देशाची लाज जाईल," जाऊबाई पुटपुटल्या.

येसूनं पदर खोचला, खुंटा धरला नि तोंड उघडलं,

"थोरली माझी जाऊ, गळा मधाचं गं पोळं,
हात नुसता खुंट्याला, दळण माझंच सगळं!"