तिघांत एक बाटली

चौऱ्याऐंशी साली दशरथ उदगीरहून मुंबई बघायला आला. अंधेरीच्या स्वस्त हॉस्टेलात शेजारच्या खाटांवर जयवंत आणि चंद्रप्रकाश भेटले आणि दुसऱ्याच सकाळी तिघं गोराईला निघाले. खिसे हलके, म्हणून धक्क्यावर कोल्ड्रिंकची बाटली तिघांत एकच घेतली. दोघांचं पिऊन झालं. दशरथनं बाटली तोंडापासून वीतभर वर धरून ओतली. अर्धं तोंडात, अर्धं नाकात.

"काय रे, भटजी आहेस काय? आमचं उष्टं चालत नाही?" जयवंत ओरडला.

मग दिवसभर तेच. "भटजी, सोवळं भिजेल!" "भटजी, सुकट आली, नाक धरा!" दशरथ पोट धरून हसत होता. पुढंही काही बोलला नसता तर हे उच्च कुळ त्याला फुकटात मिळालं असतं.

परतीच्या होडीत दुसरी बाटली उघडली. दशरथनं ती पुन्हा वर धरली, तसा जयवंतचा चेहरा पडला.

"यार, आता खरंच राग येतो हां. एवढे घाण वाटतो आम्ही?"

दशरथनं बाटली खाली घेतली.

"तुम्ही नाही रे. माझं तोंड लागलेला कप गावातला हॉटेलवाला फोडून टाकतो. म्हणून मी कुणाच्याच भांड्याला तोंड लावत नाही."

जयवंतनं एक सणसणीत शिवी हासडली, ती त्या हॉटेलवाल्याला.

"लाव तोंड," तो म्हणाला. "आणि सगळी ढोसू नकोस. तुझ्यानंतर मी आहे."