सरूच्या नावचा ट्रस्ट

शकूने पेन हातात घेतलं आणि सही करायची सोडून कागदाकडे बघत बसली. झालं, सूनसुद्धा गेली हातची, असं गुणाजीला वाटलं.

पेणला रामवाडीत श्यामला वकीलबाईंच्या टेबलासमोर सासरा, सून आणि मुलगा नाथा अशी तिघं बसली होती. गुणाजीची लेक सरू मागच्या बाकावर चपला काढून पाय हलवत होती. चाळिशी गाठली तरी तिची समज लहान पोराचीच. आई होती तोवर काही बघावं लागलं नाही. आता गुणाजीची सत्तरी उलटली आणि जिवाला एकच घोर लागला, आपल्यामागे हिला कोण विचारणार?

वकीलबाईंनी वाट दाखवली. नुसतं मृत्युपत्र नको, जिवंतपणीच ट्रस्ट करा. कासू गावातलं घर आणि शेती ट्रस्टकडे द्यायची. भाताचं, वालाचं जे काय येईल त्यातनं आधी सरूचं खाणंपिणं, कपडालत्ता, औषधपाणी. उरेल ते नाथाच्या संसाराला. सरू आहे तोवर जमीन विकायची नाही, तिच्यामागे ती नातवंडांची. कारभार आत्ता गुणाजीचा, त्याच्या पश्चात विश्वस्ताचा.

पण गावात ट्रस्ट म्हटला की तो देवळाचाच! म्हाताऱ्याने शेत देवाला वाहिलं, अशी आवई उठली. शेजारची धोंडुबाई तर देऊळ कुठल्या खाचरात बांधणार ते विचारून गेली. नाथा रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट सुटल्यावर घरी आला तो फणफणतच. आम्ही आता देवळाच्या पायरीवर बसायचं का, म्हणाला. त्याची समजूत घालता घालता गुणाजीच्या नाकी नऊ आले. नाथा काही वाईट नव्हता हो. पण वडखळचा एक जमिनीचा दलाल त्याला रोज चहा पाजत होता, आणि तो चहा कशासाठी हे बापाला कळत होतं. म्हणून पुढचा विश्वस्त म्हणून गुणाजीने सुनेचं नाव घातलं. तिला धड विचारलंसुद्धा नाही. घरातलीच आहे, विचारायचं काय, असं तो धरून चालला.

आणि आता ती एकेका ओळीखालून बोट फिरवत सगळं वाचत होती. नाथाने घसा खाकरला. शकूने पेन टेबलावर ठेवलं.

"मी सही करनार नाय," ती म्हणाली.

गुणाजीला एकदम थकल्यासारखं झालं. शेत होतं, घर होतं, कागदही झाला होता. माणूस तेवढं नव्हतं. आणि दोष तरी कुणाला द्यायचा? दुसऱ्याच्या घरून आलेली पोर, तिच्या गळ्यात आपण न विचारता धोंड बांधायला निघालो होतो.

"ऱ्हाऊ दे गो," तो हळूच म्हणाला. "जबरी नाय तुझ्यावर."

"मामा, तसं नाय." शकूने एका ओळीवर बोट टेकवून कागद वकीलबाईंकडे फिरवला. "हितं लिवलंय, सरूला ऱ्हायाला पडवीतली खोली. तिथं तिला झोप नाय येत, घाबरते ती. माजघर लिवा, माझ्या शेजारी. मंग करते सही."