डीकन अमोसचं पेडल

शिकागोतल्या आमच्या चर्चमध्ये डीकन अमोस पन्नास वर्षं ड्रम वाजवताहेत. मोठ्या ड्रमचं त्यांचं पायाचं पेडल त्यांच्या लग्नाच्याही आधीचं. ते दुरुस्तीला माझ्याच वाद्यदुरुस्तीच्या दुकानात येतं, आणि हल्ली दर महिन्याला तक्रार एकच.

"व्हर्नेटा, स्प्रिंग पुन्हा घट्ट झालीय बघ. पोरी, तू स्प्रिंग बसवतेस की कुलूप?"

"तुम्ही दर रविवारी सैतानाला तुडवल्यासारखा पाय आपटता, त्याला मी काय करू?" असं म्हणत मी सांध्यांत तेल सोडायचे, स्क्रू अर्धा फेरा सैल करायचे, आणि ते खूश होऊन जायचे.

आज सैल करायला काही उरलंच नव्हतं. स्क्रू आणखी थोडा फिरवला असता, तर स्प्रिंग निखळून हातात आली असती. मी त्यांच्याकडे पाठ केली, स्क्रूड्रायव्हर नुसताच हवेत दोनदा फिरवला आणि पेडल त्यांच्या पायाशी ठेवलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पेडलवर ठेवला आणि सगळं बळ लावून दाबला.

"हां, आता कसं! लोण्यासारखं चालतंय," ते म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.



वीस वर्षांपूर्वी, हे दुकान त्यांचं होतं तेव्हा, माझ्या हातात पहिल्यांदा पाना देताना डीकन अमोसनीच मला सांगितलं होतं, की जुनी स्प्रिंग सैल पडत जाते, घट्ट कधीच होत नाही.