थोपटणं

रेवाच्या मनगटावरच्या पट्ट्याने महिनाभर दोन्ही घरांतली तिची झोप मोजली आणि कौल बापाच्या घराला दिला. आता ताबाही त्यालाच मिळणार होता. न्यायालयात लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या नीलांबरीचा चेहरा उतरला. आपल्या हाताने झोपमोड होईल आणि पट्टा ती नोंदवेल, या धास्तीने तिने महिनाभर झोपलेल्या लेकीला हातही लावला नव्हता.

"तुम्ही हिला झोपवता कसं?" न्यायाधीशबाईंनी रेवाच्या बापाला, हेरंबला विचारलं.

"थोपटतो, मॅडम."

"म्हणजे कसं?"

तो ओशाळला. मग समोरच्या टेबलावरच थोपटून दाखवू लागला. दोन थापा सावकाश, आणि जरा थांबून एक हलकी. नीलांबरीने ती लय लगेच ओळखली. तिची स्वतःचीच होती.

"कुठे शिकलात?"

"हिच्या आईकडूनच. मला दुसरं येतच नाही."

बोलतानाही त्याचा हात चालूच होता. नीलांबरीने न राहवून लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तोही त्याच लयीत पडू लागला. रेवा आईच्या कुशीत कलंडली. पट्टा गाढ झोपेचा हिरवा झाला आणि बाईंच्या पडद्यावर प्रश्न उमटला : ही झोप कोणत्या घरची?

बाईंनी पडदा बंद केला.

"हळू बोला," त्या म्हणाल्या, "पोर झोपलीय."