आबांवरचं गाणं

"ही चालही दुसऱ्याचीच निघाली," म्हणत यामिनीने पेटीचा भाता मिटला. ऑर्केस्ट्रात आयुष्यभर लोकांची गाणी गायलेली बाई ती; वडिलांच्या वर्षश्राद्धाला मात्र तिला स्वतः लिहिलेलं गाणं म्हणायचं होतं. श्राद्ध परवावर आलं होतं आणि एक ओळ धड जमत नव्हती.

तिचा नवरा श्रीरंग ढोलकी घेऊन समोर बसला होता. त्याने विचारलं, "शब्द तरी काय आहेत?"

"आबा, तुम्ही घरातला तेवता दिवा."

श्रीरंगने हसू दाबलं. "आबा आणि दिवा?"

ती भडकलीच. "मग काय लिहू? दिवे बंद करत घरभर फिरायचे, असं लिहू? आम्ही अभ्यासाला बसलेलो असायचो, तरी बटण दाबून जायचे. ओरडलं की म्हणायचे, अरे, आहात होय इथे."

श्रीरंगची बोटं ढोलकीवर पडली. "हेच म्हण. असंच."

"याचं कुठे गाणं होतं?" ती करवादली, पण वैतागून तेच शब्द गायलीच. चाल कुणाचीच नव्हती. तिने पुन्हा म्हटलं, या वेळी डोळे मिटून.

आई वर्षभर आबांबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. ती भाजी चिरता चिरता उठून दारात आली.

"पंख्याचंही घाल त्यात," ती चिडून म्हणाली. "ऐन मे महिन्यात बंद करायचे. मी घामाने निथळायचे आणि हे डाराडूर."

"बस इथे," यामिनी म्हणाली. "आणखी कशाकशाचा राग आहे, सगळं सांग."

आई खाली बसली आणि सांगू लागली.